पानाची पाठ

कमल,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात बसायला जागा उरली नव्हती. नाशिकरोडच्या तुमच्या कॉलनीतले झाडून सगळे होते, कॉलेजचे होते, आणि आपल्या सहलींना आलेले निम्मेअधिक लोक होते. दिंडोरीहून आपले द्राक्षबागवाले राजारामभाऊ आले होते, दाराशी टोपी हातात घेऊन उभे. भाषणं झाली. आपल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, की कमलबाई निसर्गाशी एकरूप झाल्या होत्या. मला लगेच तुझा आवाज ऐकू आला, 'निसर्ग म्हणजे काय? कुठलं झाड ते सांगा.' मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

मलाही बोलायला सांगितलं होतं. उठले, माइकपाशी गेले, आणि तू गेलीस हे वाक्य मला लोकांसमोर म्हणता येईना. परत येऊन बसले. तिथे बोलले नाही ते तुलाच सांगते. तुला सांगण्यात एक सोय आहे, निम्म्या गोष्टी तुला ठाऊक आहेत. सगळ्या मात्र नाहीत.

आपली ओळख स्टाफरूममध्ये झाली. तू वनस्पतिशास्त्राची, मी प्राणिशास्त्राची. मी नाव सांगितलं तर तू म्हणालीस, "नलिनी म्हणजे कमळच की. आपण दोघी एकाच नावाच्या. तू फक्त चुकीच्या विभागात आलीस." तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते गेल्या महिन्यापर्यंत चालू होतं. अंजनेरीला रविवारी मुलं घेऊन जायचो, तेव्हा मी पक्ष्यामागे पुढे पळायची आणि तू मागे एका झुडपापाशी सगळ्यांना बसवून ठेवायचीस. मी ओरडायची, "अगं चल, झाड कुठं पळून जातंय?" तू म्हणायचीस, "म्हणूनच कुणी त्याच्याकडे बघत नाही."

अंजनेरीवरून नेपाळ कसं निघालं, हे आता नीट आठवत नाही. मुलांबरोबर हळूहळू मोठी माणसं यायला लागली, शाळामास्तर, बँकेतले, औषधांच्या दुकानाचे पाटणकर नवराबायको. त्यांच्यातलंच कुणीतरी म्हणालं, बाई, एकदा लांब न्या. तू म्हणालीस, "लांब म्हणजे किती? देशाबाहेर?" लोक हसले. तू हसली नव्हतीस.

आपली कंपनी नव्हती, पाटी नव्हती. मेच्या सुट्टीत जायचं, दिवाळीत जायचं, एवढंच. नाशिकातल्या लोकांच्या मनात परदेश म्हणजे लंडन, आणि सहल म्हणजे देवळं. जनावरं आणि झाडं बघायला परदेशी कोण जातं, आणि तेही दोघी बायकांबरोबर? पहिल्या बैठकीत एका गृहस्थांनी विचारलंच, "बरोबर पुरुष कोण आहे?" तू म्हणालीस, "तुम्ही आहात ना." ते आले. शेवटपर्यंत सगळ्यांच्या वळकट्या त्यांनीच मोजल्या. आमच्या घरून काही अडचण नव्हती. हे एवढंच म्हणाले, "जा, पण गेंड्याच्या फार जवळ जाऊ नको."

गेंडा दिसला तो क्षण माझा होता, हे तू मला कधी कबूल केलं नाहीस. तराईच्या जंगलात आपण हत्तीवर होतो. गवत हलत होतं, माहूत थांबला, आणि गेंडा समोर येऊन उभा राहिला. कानावर चिखल, श्वासाचा आवाज येत होता. आमच्या हत्तीवर कुणी हलेना. मी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मागच्या हत्तीवरून तुझा आवाज आला, "तो ज्या गवतात उभा आहे ते गवत बघा. हत्तीच्या पाठीएवढं आहे. हे नसेल तर तोही नसेल." सगळ्यांनी माना वळवल्या. गेंडा आणि मी दोघंही मागे पडलो. रागाने मी तुझ्याशी मुक्कामावर येईपर्यंत बोलले नाही. जेवताना मात्र पाटणकरबाई शेजारणीला तेच सांगत होत्या, गवत असेल तर गेंडा. माझ्या वर्गातल्या मुलांना हे वर्षभर शिकवून कळलं नव्हतं.

त्याच पाटणकरबाईंनी परतताना झाडावरचं एक ऑर्किड मुळासकट काढून ओल्या टॉवेलात गुंडाळलं होतं. बसमध्ये वास आला म्हणून पिशवी उघडली तर ते कुजलेलं. ज्या वनाधिकाऱ्यांनी आपल्याला परवानगी मिळवून दिली होती त्यांच्या माणसाने ते पाहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी परवानगी दिली नाही. कारणही सांगितलं नाही, ते आपल्याला माहीत होतं. तेव्हापासून तुझा नियम झाला. पान नाही, बी नाही, काडी नाही. जंगलातून फक्त आपले पाय बाहेर येणार. दर सहलीआधी तू तो सगळ्यांकडून वदवून घ्यायचीस, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा.

आता सिलोनचं. त्यावरच आपण सगळ्यात जास्त भांडलो.

त्या सहलीला तुझी आई येणार म्हटल्यावर मला आनंद झाला. उभ्या आयुष्यात मावशी मनमाडच्या पुढे गेल्या नव्हत्या. पासपोर्टासाठी जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, "आंब्याला मोहोर व्हता, येवढं आई सांगायची." त्यांना सिलोनमध्ये एकच गोष्ट बघायची होती, अनुराधपूरचा बोधिवृक्ष. बाकी माकडं, हत्ती, मोर, तुमचं तुम्ही बघा म्हणाल्या. तूही खूश होतीस, पण मला बजावलंस, "नलू, तिला वेगळी वागणूक नको. लोक म्हणतील आईला फिरवायला सहल काढली." मी म्हटलं, "म्हणू दे." तू म्हणालीस, "तुला चालेल. मला ऐकावं लागतं." तू एवढंच म्हणालीस. गटात कुणी तुझं आडनाव विचारून गप्प झालं की तुझी मान कशी ताठ व्हायची ते मी पाहिलेलं होतं, म्हणून मी तो विषय सोडला.

रामेश्वरहून बोट, मग आगगाडी, मग बस. सगळ्या गटाने मावशींना 'आजी' करून टाकलं होतं. कँडीच्या वरच्या अंगाला मसाल्याच्या बागा होत्या, तिथे तू मिरीचा वेल दाखवलास. राजारामभाऊंनी त्या वेलाला असा हात लावला, जसा नातवंडाच्या गालाला लावावा. द्राक्षाचा माणूस, वेल दिसला की राहवेना. खिशात छाटणीची कात्री होतीच. जेवायला बसलो तेव्हा त्यांच्या पिशवीतून ओलं फडकं डोकावत होतं, तू ते ओढलंस, आत काडी.

"राजारामभाऊ, हे काय?"

"येक काडी हाय बाई. शेवग्यावर चढवीन. लय झोकात येईल."

"काडीबरोबर काय येईल ते तुम्हाला दिसत नाही. मलाही दिसत नाही. तुमच्या द्राक्षांवर भुरीचा रोग आला की झोप उडते ना?"

"ती तशीबी येतीच."

"मग आणखी पाहुणे कशाला नेता?"

त्यांनी फडक्यासकट काडी तुझ्या हातात दिली. तू ती बागवानाकडे परत केलीस. भाऊ बसच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि दिवसभर खिडकीबाहेर बघत राहिले. गटात कुजबुज झाली, काही लोक त्यांच्या बाजूचे, काही तुझ्या.

दुसऱ्या दिवशी अनुराधपूर. मावशी पहाटे उठून, न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून बसमध्ये सगळ्यांच्या आधी बसलेल्या. झाडापाशी पोचलो. तू आधी लांब उभी राहून सांगितलंस, हा आपल्या गल्लीतलाच पिंपळ आहे, जात तीच, फक्त याला माणसांनी इतक्या पिढ्या सांभाळलंय. फांद्यांना टेकू दिलेले बघा. म्हातारं झाड असंच सांभाळावं लागतं. मावशी ऐकत नव्हत्या. हात जोडून वर बघत होत्या. वारा आला आणि एक पान गिरक्या घेत त्यांच्या पायाशी पडलं.

त्यांनी ते उचललं, कपाळाला लावलं आणि पदरात घेतलं.

गटातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. राजारामभाऊंनी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. पाटणकरबाई म्हणाल्या, "अय्या, चालतं का? मग आम्ही पण एकेक घेऊ," आणि खाली वाकल्याच. तेव्हा तू पुढे आलीस. आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "आजी, ते पान खाली ठेवा."

मावशींनी तुझ्याकडे पाहिलं. राजारामभाऊच म्हणाले, "बाई, आजींचं जाऊ द्या की. गळालेलं पान हाय."

"नियम सगळ्यांना," तू म्हणालीस. "आजी, ठेवा."

मावशींनी पदर सोडवला, वाकल्या, आणि पान जिथून उचललं होतं बरोबर तिथेच ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून क्षणभर बोट टेकवून धरलं, मग उठल्या. पाटणकरबाईही उठल्या.

त्या दुपारी मी तुला धर्मशाळेच्या ओसरीवर गाठलं. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल, कारण पुढे इतक्या वेळा म्हणाले. गळलेल्या पानाने कुठल्याही झाडाचं काही जात नाही. तिथले लोकसुद्धा भक्तिभावाने नेतात. काडी आणि सुकं पान यांतला फरक तुला कळत नसेल तर कुणाला कळणार? तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालीस, "मला फरक कळतो. काल भाऊंना नाही म्हटलं आणि आज आईला हो म्हटलं, तर लोकांना कुठला फरक दिसला असता?"

"लोकांचं काय घेऊन बसलीस?"

"मी लोकांनाच घेऊन आले आहे, नलू."

त्याने माझा राग आणखीच वाढला. आजही मला तू पूर्ण बरोबर वाटत नाहीस. तू असतीस तर म्हणाली असतीस, पूर्ण चूकही वाटत नाही ना, मग झालं.

तुला ठाऊक नाही ते यापुढचं आहे. परतताना बोटीवर तू पुढच्या बाजूला लोकांना समुद्रातलं शेवाळ दाखवत होतीस. मी आणि मावशी मागे सावलीत बसलो होतो. मी म्हटलं, "मावशी, कमलचा राग आलाय का? पानाचं मनाला लावून घेऊ नका." त्या म्हणाल्या, "पानाचं काय ग. झाड बघितलं, डोळं भरलं. पान न्यायचं नाय म्हनली तर नाय न्यायचं. तिला सगळ्यांना सारखं धरावं लागतं, मला कळतं." मग त्यांनी पदर सारखा केला. "पन मला आजी म्हनली. ठेवा म्हनली. आई, ठेव, आसं म्हनली आसती तर मी हासत ठिवलं आसतं."

त्या ओसरीवर एवढं भांडताना हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी म्हटलं, मी सांगते तिला. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नको. लेकरू आधीच आखडून उभं ऱ्हातं लोकांम्होरं. हे कळलं तर आजून आखडंल." थोड्या वेळाने शेजारी बसलेल्या एका तमिळ बाईला त्यांनी तुझ्याकडे बोट दाखवून मराठीतच सांगितलं, "ती उभी हाय ना, हातवारे करती, ती माझी लेक. झाडांची मास्तरीण." त्या बाईला एक अक्षर कळलं नसेल, पण तिने मान डोलावली, आणि मावशींनी तिला डब्यातला लाडू दिला.

मावशी गेल्या तेव्हा तुला सांगावंसं वाटलं होतं. स्मशानातून आल्यावर तू स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसलीस. मी शेजारी बसून ती विसळत राहिले, सांगितलं नाही. पुढे पुन्हा सिलोनला गेलो तेव्हाही नाही. त्या वेळी अनुराधपूरला बसमधून उतरताना तू म्हणालीस, "आज झाडाचं तू सांग." मी कशी सांगणार? टेकूंचं सांगितलं, दोन चुका केल्या, त्यातली एक तर मलाच कळली. तू गटाच्या मागे उभी होतीस. दुरुस्ती केली नाहीस. इतक्या वर्षांत असं एकदाच झालं.

आज सांगितलं. त्यांनी नको म्हटलं होतं, पण आता तू कुणासमोर ताठ उभी राहणार आहेस? आणि लाडूचं तरी तुला कळायला हवं होतं.

राजारामभाऊंचंही सांगते. परवा विहाराबाहेर ते म्हणाले, "बाईंनी त्या दिशी आपल्या आईला सोडलं असतं, तर मी पुन्यांदा त्यांच्यासंगं कुठं गेलो नसतो." मी म्हटलं, "पण तेव्हा तुम्हीच म्हणालात, जाऊ द्या." ते म्हणाले, "म्हनायचं असतं तसं. ऐकायचं नसतं." त्यानंतर ते आपल्याबरोबर दर सहलीला आले, हे खरंच आहे. म्हणजे मोजायचं तर एक माणूस तुझ्या बाजूने झाला. मी अजून मधेच उभी आहे.

तुझी तब्येत बिघडली हे आधी मलाही कळलं नाही. दम लागतो म्हणायचीस, मी म्हणायची वजन कमी कर. मग डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचं सांगितलं. चढ चढायचा नाही म्हणाले. तू त्यांना विचारलंस, चढ म्हणजे किती? आणि परीक्षा संपल्या संपल्या नेपाळची सहल ठरवलीस.

ही आपली शेवटची सहल. गुरांसाची झाडं बघायची होती, ऱ्होडोडेंड्रॉन म्हणून ज्याचा धडा तू वर्षानुवर्षं शिकवत होतीस. उशिरा फुलणारी झाडं वर डोंगरात होती आणि मुक्काम खाली गावात. पहिल्या चढालाच तू दगडावर बसलीस. ओठ निळसर झाले होते. मी म्हटलं, सगळेच परत फिरू. तू म्हणालीस, "लोकांनी वर्षभर वाट बघितली आहे. तू घेऊन जा. मी चहाच्या टपरीवर बसते." राजारामभाऊंनी तुला हाताला धरून खाली नेलं आणि ते तुझ्यापाशीच थांबले. मी गट घेऊन वर गेले. डोंगर लाल झाला होता. लोकांचे डोळे भरले, फोटो निघाले, मला दोन नवे पक्षी दिसले.

खाली आले तर तू बाकावर शाल घेऊन बसली होतीस. म्हणालीस, "सांग."

"लाल," मी म्हटलं. "सगळीकडे लाल."

"पानाची पाठ कशी होती?"

"म्हणजे?"

"खालच्या उंचीवर पानाची पाठ चांदीसारखी असते. वर गेलं की तांबूस होते, गंजासारखी. मी फक्त वाचलंय. कुठं बदलते ते मला बघायचं होतं." मी पिशवीत पाण्याची बाटली शोधायला लागले. तुझ्या लक्षात आलं. "नलू, एवढं वर गेलीस आणि एक पान उलटून बघितलं नाहीस?"

तू रागावली नव्हतीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. चहा आला, तू दुसऱ्या विषयावर गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी गट विश्रांती घेत होता. तुला बाजारात जाते सांगून मी निघाले आणि एकटी वर गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी पक्ष्यांकडे न बघता डोंगर चढले. दर झाडापाशी थांबायची, खालची फांदी ओढायची, पान उलटायची, फांदी सोडायची. चांदी, चांदी, चांदी. पायाखाली गळलेली पानं पुष्कळ होती. दोन पिशवीत टाकली असती तर काम सोपं झालं असतं. टाकली नाहीत. बघितलेलं सगळं घोकत खाली आले, परीक्षेला जाणाऱ्या मुलीसारखी, विसरेन म्हणून वाटेत कुणाशी बोलले नाही.

तू खोलीत पडून होतीस. माझ्या चपलांचा चिखल बघून तुला कळलंच. उठून उशीला टेकून बसलीस.

मी सांगायला लागले. पुलापासून वर सगळी चांदीसारखी. मेंढ्यांच्या गोठ्यापर्यंत तशीच. त्याच्या वर एक दगडी चौथरा आहे, ओझेवाले टेकतात तो. तिथे दोन झाडं आहेत. एकाची पाठ चांदीची, दुसऱ्याची तांबूस. चौथऱ्यावर उभं राहून हात पसरले तर एकाच वेळी दोन्हींना लागतात. तिथून वर सगळी तांबूस.

"हात लावलास?"

"लावला."

"कशी लागते?"

"चांदीची गुळगुळीत. तांबूस आहे ती मऊ, मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखी."

तू हसलीस. प्राण्यांची उपमा दिली म्हणून टोमणा मारशील असं वाटलं, मारला नाहीस. डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी उठले.

"बस," तू म्हणालीस. "परत सांग. पुलापासून सांग, सावकाश."

मी पुलापासून सांगायला लागले.